तारण

फुग्गराइच्या दारात तिकीट काढलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. आत राहणारा माणूस वर्षभराचं जेवढं भाडं भरतो, त्याच्या कितीतरी पट पैसे मी तासाभराच्या फेरफटक्यासाठी मोजले होते. इथलं भाडं वर्षाला ८८ सेंट. १५२१ साली ते एक ऱ्हेनिश गिल्डर ठरलं, ते आजवर वाढलेलं नाही.

म्युनिकहून आउग्सबुर्गला आगगाडीने तासही लागत नाही. याकोब फुग्गर हा इथला सावकार; राजे-महाराजे त्याचे कर्जदार. त्याने कष्टकरी गरिबांसाठी बांधलेली फुग्गराइ ही वसाहत म्हणजे पिवळसर भिंतींची, हिरव्या झडपांची, दोनमजली घरांची रांग. ६७ घरं, १४० बिऱ्हाडं. प्रत्येक दाराच्या घंटेची लोखंडी मूठ वेगळ्या आकाराची. गल्लीत दिवे नव्हते तेव्हा माणूस मूठ चाचपून आपलं दार ओळखायचा. रात्री दहाला वेस बंद होते. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याच्या हातावर नाणं ठेवायचं.

खरं भाडं वेगळंच आहे. राहणारा आउग्सबुर्गचा हवा, गरजू हवा, कॅथलिक हवा. आणि त्याने फुग्गर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या: प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार. सावकाराच्या चोपड्यांत संत उलरिखच्या नावाने दानधर्माचं वेगळं खातंच होतं म्हणतात. मराठी ख्रिस्ती माणूस आत्म्याच्या सुटकेला ‘तारण’ म्हणतो आणि बँकेतला कारकून कर्जापोटी ठेवलेल्या सोन्यालाही तारणच म्हणतो. या गल्लीत मला ते दोन्ही अर्थ एकाच दारातून आत-बाहेर करताना दिसले.

मात्र याच सावकाराच्या पैशातून मोठा तंटाही पेटला. माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने पदासाठी फुग्गरकडून कर्ज काढलं. ते फेडायला पापक्षमापत्रांची विक्री: निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, निम्मे फुग्गरला. पैसे मोजून मृत्यूनंतरची शुद्धिस्थानातली शिक्षा कमी करून घ्यायची, हा व्यवहार मार्टिन ल्यूथरला असह्य झाला. १५१७ साली त्याने आपले ९५ मुद्दे मांडले. पुढच्या वर्षी जाब द्यायला त्याला बोलावलं ते आउग्सबुर्गलाच, आणि कार्डिनल काजेतानसमोर तो उभा राहिला तोही फुग्गरच्याच वाड्यात! मुद्दे मागे घे, असा हुकूम झाला. त्याने घेतले नाहीत आणि काही दिवसांनी रात्रीच्या अंधारात शहर सोडलं.

पुढे त्याचं म्हणणं पक्कं होत गेलं. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने, विश्वासाने. सत्कर्मं ही त्याची किंमत नाही, चांगल्या झाडाला येणारं फळ आहे. पण नव्या करारातलं याकोबाचं पत्र स्पष्ट बजावतं की कृतीविना विश्वास निर्जीव. त्या पत्राला ल्यूथरने १५२२ मध्ये पेंढ्याच्या मोलाचं ठरवलं. हे मला जरा अतिच वाटतं. उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावू नका, असं सांगणारं पत्र पेंढा कसं? योगायोग असा की सावकाराचं नावही याकोबच.

फुग्गराइतून दहा-पंधरा मिनिटं चालत मी सेंट आना चर्चला आलो. १५१८ साली ल्यूथर इथल्याच मठात उतरला होता. पुढे चर्च लुथरन झालं. १९९९ साली ३१ ऑक्टोबरला लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी इथेच एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: तारण आपल्या पुण्याईने नव्हे, देवाच्या कृपेने, आणि सत्कर्मं त्यामागोमाग येतात. जवळजवळ पाच शतकांचा वाद मिटायला सावकाराच्याच गावाची निवड झाली. वसईचे कॅथलिक आणि नगरचे प्रोटेस्टंट यांनी ती बातमी कशी ऐकली असेल, असं तिथे उभं असताना मनात आलं.

चर्चच्या पश्चिम टोकाला फुग्गरांची संगमरवरी कपेल आहे. प्रबोधनकाळातलं देखणं काम. खर्चाला हात आखडलेला दिसत नाही. १५२५ च्या डिसेंबरअखेर याकोब फुग्गर वारला आणि त्याला इथे पुरलं. ल्यूथरच्या शिकवणीत शुद्धिस्थानाला जागा नाही, मृतांच्या सुटकेसाठी केलेल्या प्रार्थनांनाही नाही. त्यामुळे आपल्या आत्म्यासाठी रोजच्या प्रार्थनांची कायमची सोय करून ठेवणारा हा माणूस झोपला आहे तो लुथरन चर्चमध्ये, आणि त्याच्यासाठी प्रार्थना म्हणणारे राहतात थोड्या अंतरावर, ८८ सेंटच्या बिऱ्हाडांत.