वाशीतली आसाम, केरळ आणि मिझोरमची घरं

मानखुर्द मागं पडलं की हार्बर लाइनची गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर येते. डब्यात खारा वारा घुसतो, खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणं होतात आणि पुलापलीकडे पहिलंच स्टेशन लागतं, वाशी. लोकल इथवर पोहोचली ती १९९२ साली. इथं मॉल, कचेऱ्या आणि रिक्षांच्या रांगा यांपलीकडे पाहण्यासारखं काय आहे, असं मोठी माणसं म्हणतील. तुम्ही मात्र स्टेशनाला लागून असलेल्या सेक्टर ३० ए मधून चालत निघा आणि इमारतींवरच्या पाट्या वाचा. आसाम भवन, केरळ हाऊस, ओडिशा भवन, उत्तराखंड भवन, मिझोरम हाऊस... अर्धा भारत पायी फिरून होतो!

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने वेगवेगळ्या राज्यांना इथं भूखंड दिले, आणि त्या राज्यांनी आपापली अतिथिगृहं बांधली. कामासाठी आलेले अधिकारी इथं उतरतातच, पण आणखीही कुणी उतरतं. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात कॅन्सरच्या उपचारांसाठी ईशान्येकडून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. त्यांना महिनोन्‌महिने राहावं लागतं, आणि मुंबईत भाड्याची खोली किती महाग असते ते तुमच्या आईबाबांना विचारा.

आता सांगा, ही भवनं म्हणजे वकिलाती का? छे! वकिलात एका देशाची दुसऱ्या देशात असते. राज्यांना ना स्वतःचा पासपोर्ट, ना स्वतःचं सैन्य. हे सोपं आहे. पण मग स्कॉटलंडचं काय करायचं? त्याला तर सगळे 'देश' म्हणतात, आणि तरीही पासपोर्ट, सैन्य, संयुक्त राष्ट्रसंघातली जागा यांतलं काहीच त्याचं वेगळं नाही. ते सगळं 'युनायटेड किंग्डम'चं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार मिळून हे एक राष्ट्र होतं. क्रिकेटमध्ये तर आणखीच गंमत. 'इंग्लंड'च्या संघात वेल्सचे खेळाडूही असतात, पण स्कॉटलंडचा संघ वेगळा. २०१८ साली त्याने एकदिवसीय सामन्यात इंग्लंडला हरवलंसुद्धा! ऑलिंपिकमध्ये मात्र सगळे एकाच संघातून उतरतात.

असं का, ते इतिहासात सापडतं. स्कॉटलंड हे स्वतंत्र राज्य होतं. १७०७ साली इंग्लंडशी करार करून ते एक झालं. संसद गेली, पण कायदे आणि न्यायालयं त्याने आपलीच ठेवली. जुनं नाव, जुना अभिमान तसाच राहिला. १९९९ मध्ये एडिंबरात पुन्हा संसद भरली, आणि २०१४ मध्ये तर 'वेगळं व्हायचं का?' असं मतदान झालं. सुमारे ५५ टक्के लोक 'नको' म्हणाले.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. राज्यघटनेचं पहिलंच कलम भारताला राज्यांचा संघ म्हणतं. हा संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून बाहेर पडता येणार नाही, असं डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केलं होतं. उलट संसदच राज्यं नव्याने घडवते. आपला महाराष्ट्रही १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग होऊन झाला.

पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका बरं का. मिझोरमचंच पाहा. १९७२ पर्यंत तो आसामातला एक जिल्हा होता. १९६६ मध्ये तिथं स्वतंत्र देशासाठी सशस्त्र उठाव झाला. वीस वर्षं धुमसत राहिलेलं ते प्रकरण १९८६ च्या कराराने मिटलं, आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम पूर्ण राज्य झालं. उठावाचा नेता लालडेंगा मुख्यमंत्री झाला! घटनेत मिझोरमसाठी खास कलम आलं. मिझो लोकांच्या चालीरीती, त्यांचे परंपरागत कायदे आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेने केलेला कायदा तिथल्या विधानसभेने मान्य केल्याशिवाय तिथं लागू होत नाही. म्हणजे 'देश' न म्हणवणाऱ्या मिझोरमलाही स्कॉटलंडसारखं थोडं आपलं राखता आलं. मला तर नावापेक्षा हेच महत्त्वाचं वाटतं.

एक चमत्कारिक गोष्ट राहिलीच. तुम्हाला वाशीहून ऐझॉलला जायचं असेल, तर भारतीय असूनही आधी प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. ब्रिटिशांच्या काळापासूनची ही पद्धत आहे. ऐझॉलहून वाशीला येणाऱ्याला मात्र असा कुठलाच कागद लागत नाही. त्याला हवं असतं ते तिकीट, आणि मिझोरम हाऊसमध्ये एक रिकामी खाट.