घाटकोपर ते साकीनाका : एक सैल मूठ

आषाढातील सकाळ. घाटकोपरहून साकीनाक्याच्या पेढीकडे निघालो होतो. डोक्यावर २०१४ पासून धावणारी मेट्रो, खाली पाण्याने भरलेला रस्ता. असल्फ्याजवळ मोटारसायकलची उजवी मूठ नुसतीच फिरली, वेग वाढेना. मागून बसचा हॉर्न! कशीबशी गाडी कडेला घेतली.

गॅरेजमधील मिस्त्रींनी रबर उतरवले. आत पाणी आणि तेलकटपणा होता. नळी व रबर स्पिरिटने पुसून, कोरडे करून त्यांनी गोंद लावला. रबर स्विचला घासू नये म्हणून किंचित फट ठेवली.

"शेठ, रात्रभर सुकू द्या. मूठ सोडताच आपोआप मागे यायला हवी; न आल्यास गाडी काढू नका."

उरलेला प्रवास मेट्रोने केला. पेढी उशिरा उघडली. पण तो उशीर तोट्याच्या खात्यात मांडला नाही.