पाहुण्याच्या हाती काय द्यावे?

सुपारी फोडून लग्न ठरविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि साखरपुडा या शब्दातच साखरेचा पुडा आहे. मांडवातून निघणाऱ्या पाहुण्यास पानसुपारी व अत्तर देऊन निरोप देण्यामागेही हाच स्नेह. इटलीत लग्नाच्या पाहुण्यांना पाच साखरबदाम देतात. त्यांतील एक आरोग्यासाठी मानला जातो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मांडवांतही सुगंधी सुपारीची गोड पुडी वाटली जाते, आणि ती लहान मुलांच्याही हाती पडते. माझ्या दवाखान्यात असे तरुण येतात, ज्यांचे तोंड दोन बोटे मावतील इतकेच उघडते आणि भाजीतले तिखट ज्यांना सोसवत नाही. सुपारीने गालाचे आतील अस्तर ताठर होते. सवय सोडली तरी ते बहुधा पूर्ववत होत नाही, आणि पुढे कर्करोगाची भीती राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे.

पूजेतली सुपारी पूजेत असू द्यावी. पाहुण्यास मात्र बडीशेप, खोबरे-खडीसाखर किंवा घरच्या शेतातील तुरीची डाळ द्यावी. आपल्या घरी कार्य ठरले असेल, तर यादी करतानाच एवढे ठरवून टाकावे.