भट्टीचं नाक

घर बांधून पाहावं, लग्न करून पाहावं, असं सांगणाऱ्या शहाण्याने भट्टी बांधली नसावी. नाहीतर त्याने 'पाहू नये' असंही काही सांगून ठेवलं असतं.

गावचं घर विकून आईला राजापेठेत आणलं तेव्हा तिने एकच विचारलं, "रोडगे कुठी भाजशीन?" गोवऱ्यांचा जगरा पेटवावा, तर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या साड्या आणि आमचे संबंध दोन्ही काळे पडणार. म्हणून मी परसात विटांची घुमटी भट्टी बांधली. उष्णता टिकावी म्हणून वर राखेचा चार बोटं थर, त्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर पाणी न मुरणारा रंग. मुंगीलाही वाट ठेवली नाही.

पावसाळा उलटल्यावर भट्टी पेटवली. चार तास लाकडं जाळली. रोडगे वरून कोळसा, आतून कणीक! भट्टीला मात्र दरदरून घाम फुटला. मग 'फट्' झालं आणि गिलाव्याचा ढलपा थेट तुळशीपाशी जाऊन पडला.

गवंड्याने निदान केलं, राखेत पाणी आहे. आमची काळी माती ओल धरून बसते. ती विटांतून वर चढली आणि रंगाखाली कोंडली. शून्य अंशाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे चार तास मी रोडगे नव्हे, पाणी भाजत होतो! शिवाय वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा हवी. ती बिचारी जाणार कुठून?

ओट्यावरून आई म्हणाली, "बाबू, तिले नाक कुठी ठेवलं तू?"

रंग खरवडला. माथ्यावर गिलाव्याला भोक पाडून राखेपर्यंत नळीचा तुकडा बसवला, वर टिनाचं छप्पर घातलं. मग रोज काटक्यांची मंद धग. संध्याकाळी आई आपला चष्मा नळीवर धरी. काच धुरकटली की म्हणे, "अजून दम टाकते."

सहाव्या दिवशी काच स्वच्छ राहिली. वांग्याच्या भाजीसोबत आईने दोन रोडगे खाल्ले. मी कौतुकाची वाट पाहत उभा.

"बरे झाले," ती म्हणाली. "पण गोवरीचा वास नाही आला."

सध्या मी गोवऱ्यांच्या शोधात आहे. शेजाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.