अणुवीज केंद्राच्या आधी काय बांधावं लागतं?



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ आहे. अणुभट्टीत उष्णता, उष्णतेने पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनित्र आणि झाली वीज! मुलं हे टप्पे दोन दिवसांत पाठ करतात, गुणही मिळवतात. यंदा एका मुलाने विचारलं, "बाई, मग ज्या देशाकडे पैसा आहे त्याने भट्टी विकत घ्यायची आणि चालू करायची. सगळे देश का नाही घेत?" प्रश्न मला फार आवडला. त्यापायी दोन तासिका गेल्या, अभ्यासक्रम थोडा मागे पडला, चालायचंच.

भट्टी विकत मिळते हे खरंच आहे. रशिया, दक्षिण कोरिया, अमेरिका, फ्रान्स, चीन असे मोजके देश ती विकतात. पण घेणाऱ्या देशाने आधी स्वतःच्या घरात बरंच काही उभं करायचं असतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये नवख्या देशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात पायाभूत तयारीचे १९ मुद्दे आहेत. 'पायाभूत सुविधा' म्हटलं की आपली मुलं लगेच रस्ते, पूल, धरणं लिहितात. या यादीत जागा आहे, वीजवाहिन्यांचं जाळं आहे, पण बाकीचे मुद्दे बघा: देशाची ठाम भूमिका, कायदा, नियामक संस्था, प्रशिक्षित माणसं, पैशाची सोय, आणीबाणीची योजना, किरणोत्सारी कचऱ्याचं काय करणार, लोकांशी बोलणं. सिमेंट-लोखंड फारच थोडं. विचार सुरू केल्यापासून वीज मिळेपर्यंत १० ते १५ वर्षं धरा, असं ती संस्था सांगते. म्हणजे आज जे बाळ जन्मलं ते नववी-दहावीत येईपर्यंत.

आपल्या शिक्षकांच्या भाषेत सांगायचं तर शाळेची इमारत एका वर्षात उभी राहते. शिक्षक, वेळापत्रक, तपासणी आणि गावाचा विश्वास यांना एक वर्ष पुरत नाही.

वर्गात मी दोन देशांची उदाहरणं घेतली. पहिलं संयुक्त अरब अमिरातीचं. तेलावर बसलेला देश, वाळवंट, अणुविज्ञानाची जुनी परंपरा नाही. २००८ मध्ये त्यांनी धोरण जाहीर केलं. युरेनियम समृद्ध करणार नाही आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रियाही करणार नाही, हे त्यांनी आधीच लिहून दिलं. २००९ मध्ये कायदा केला आणि त्या कायद्याने स्वतंत्र नियामक संस्था स्थापन झाली. तिचे पहिले महासंचालक विल्यम ट्रॅव्हर्स हे अमेरिकेच्या नियामक संस्थेत काम केलेले होते. घरात अनुभवी माणूस नाही तर बाहेरून आणा आणि त्याच्या हाताखाली आपली मुलं तयार करा, असा सरळ हिशोब. त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, कोरियन कंपनीबरोबर चार अणुभट्ट्यांचा करार झाला. हा क्रम मी मुलांना फळ्यावर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला: आधी तपासणारा, मग बांधणारा.

बराका इथे २०१२ मध्ये काँक्रीट पडायला सुरुवात झाली. पहिली भट्टी २०१७ मध्ये सुरू व्हायची होती, प्रत्यक्षात ती २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. विलंबाचं एक मोठं कारण असं की भट्टी चालवणाऱ्या माणसांची तयारी पूर्ण व्हायची होती. जगातल्या महागड्या यंत्रांपैकी एक यंत्र माणसांची वाट बघत थांबलं. आपल्याकडे कुणी म्हणेल, "एवढा पैसा अडकलाय, करा सुरू, पुढचं पुढे बघू." तिथे परवाना २०२० च्या फेब्रुवारीतच मिळाला, त्याआधी नाही. माझ्या मते त्या देशाने जे काही बांधलं त्यात हे थांबणंच सगळ्यात भक्कम होतं. आता चारही भट्ट्या चालतात, एकूण ५,६०० मेगावॅट, देशाच्या विजेचा जवळपास चौथा हिस्सा.

दुसरं उदाहरण फिलिपिन्सचं. मार्कोस यांच्या राजवटीत, १९७६ मध्ये, बातान इथे ६२१ मेगावॅटच्या केंद्राचं काम सुरू झालं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बांधून जवळजवळ तयारही झालं. खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. पण जागेजवळ ज्वालामुखी, व्यवहारात भ्रष्टाचाराचे आरोप, लोकांचा विरोध. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस गेले, एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं आणि नव्या सरकारने केंद्र बंदच ठेवलं. त्यातून एक युनिटही वीज निघाली नाही. कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडत बसावं लागलं. हे ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. घरात कर्जाचे हप्ते बघितलेली मुलं आहेत, त्यांना अब्ज कळत नाही पण हप्ता कळतो.

एक मुद्दा पुस्तकातल्या विज्ञानाला चिकटून आहे म्हणून त्यावर जास्त वेळ दिला, तो वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा. मुलांना वाटतं की केंद्र जाळ्याला वीज देतं, विषय संपला. पण केंद्रालाही जाळ्याची गरज असते. भट्टी बंद केली तरी विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्यं तापतच राहतात. बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या साधारण ६ ते ७ टक्के उष्णता निघत असते, मग ती हळूहळू कमी होते. १,२०० मेगावॅट वीज देणारी भट्टी आत सुमारे ३,२०० मेगावॅट उष्णता तयार करते. तिचे ६ टक्के काढा बरं, असं म्हटल्यावर १९२ आकडा मुलांनीच सांगितला. ही उष्णता काढायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज गेली, त्सुनामीने जनरेटर गेले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शिवाय एक भट्टी अचानक बंद पडली तर सगळा देश अंधारात जाऊ नये, म्हणून एका भट्टीची क्षमता जाळ्याच्या १० टक्क्यांहून जास्त नसावी असा ठोकताळा आहे. लहान देशांची गाडी इथेच अडते.

शेजारच्या बांगलादेशातही हेच दिसलं. पद्मेच्या काठी रूपपूरची जागा १९६० च्या दशकातच ठरलेली, तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. रशियाच्या मदतीने १,२०० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांचं काम २०१७ मध्ये सुरू झालं. इंधन २०२३ मध्ये आलं, पण नद्या ओलांडणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचं काम मागे पडलं होतं. घोडा दारात उभा आणि रस्ता तयार नाही, अशी गत. या प्रकल्पात सहकार्यासाठी भारताने २०१८ मध्ये रशिया आणि बांगलादेशाबरोबर करारही केला आहे. आपण आता शिकवणाऱ्यांच्या रांगेत आहोत.

पण एकेकाळी आपणही नवखेच होतो ना! आमची शाळा पालघर जिल्ह्यातली, त्यामुळे तारापूर मुलांना नवं नाही, काहींचे वडील तिथे कामाला आहेत. आपण काय आधी बांधलं, काय नंतर? माणसं आधी: तुर्भ्याचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये सुरू झालं. तारापूरच्या अमेरिकी बनावटीच्या दोन भट्ट्यांची वीज १९६९ मध्ये मिळू लागली. अणुऊर्जा नियामक मंडळ आलं १९८३ मध्ये, वीज सुरू झाल्यावर १४ वर्षांनी. म्हणजे माणसांच्या बाबतीत आपण बऱ्याच देशांच्या पुढे होतो, तपासणाऱ्याच्या बाबतीत मागे. हे दोन्ही मुलांना सांगावं असं मला वाटतं. नुसता अभिमान सांगितला की इतिहासाचा धडा होतो, विज्ञानाचा राहत नाही.

घरचा अभ्यास म्हणून १९ मुद्द्यांची यादी दिली आणि प्रत्येक मुद्द्याला कोणकोणत्या व्यवसायातली माणसं लागतील ते लिहून आणायला सांगितलं. पालकांनीही घरी करून बघायला हरकत नाही. वकील, वेल्डर, नर्स, हवामानतज्ज्ञ, हिशेबनीस, अग्निशमन दलाचे जवान, भाषांतरकार... 'शास्त्रज्ञ' हा एकच शब्द लिहून आणलेल्या वह्या मी परत दिल्या.

एका मुलीने मात्र व्यवसाय लिहिले नव्हते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यांपैकी एका गावातलं तिचं घराणं. तिने यादीखाली पेन्सिलने लिहिलं होतं, "बाई, यात आमचं गाव कितव्या नंबरला येतं?"

त्या यादीत 'लोकांचा सहभाग' आणि 'जागा' हे दोन मुद्दे शेजारी शेजारी आहेत. मी दोन्हींवर खूण केली आणि तिला म्हटलं, आजीला विचारून ये, तेव्हा गावात येऊन कोण काय बोललं होतं, काय लिहून दिलं होतं. तिने चार पानं लिहून आणली. पुढच्या तासाला ती वर्गात वाचायची आहेत. आजीही येते म्हणाल्या आहेत.