बाईंचा डबा आणि यॉर्कची खिडकी

चर्चमधली रंगीत काच रस्त्यावरून बघायची नसते, हे मला आमच्या चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं. बाहेरून ती काळपट, मळकट दिसते; रंग बघायचे तर आत जावं लागतं. पण पुण्याच्या पेठेतल्या आमच्यासारख्या घरातला मुलगा चर्चच्या आत कशाला जाईल? १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहापायी न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांवरसुद्धा प्रायश्चित्ताची वेळ आली होती. ते ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, आमची आजी काल घडल्यासारखं सांगायची. आणि बाई त्याच पंचहौदाच्या आवारात, इंग्लंडमधल्या वाँटेजहून आलेल्या सिस्टरांच्या हाताखाली वाढलेल्या.

मी आठवीत असताना वडील ससून रुग्णालयात होते. आई दिवसभर त्यांच्या उशाशी. शाळा सुटली की बाई तिथे डबा घेऊन यायच्या. पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, एखाद्या दिवशी ऑम्लेट, तेही आधी सांगून, "वहिनी, यात अंडं आहे हं." आजीने पहिल्या दिवशी घरी आलेला तो डबा नुसता बघितला. आठवडाभरात तीच तो घासूनपुसून, त्यात रव्याचा लाडू घालून परत पाठवू लागली. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हा तिचा नियम ग्रामण्यापेक्षा जुना निघाला.

वडिलांना झोप लागली की बाई मला जवळच्याच सेंट पॉल चर्चमध्ये नेत. एकोणिसाव्या शतकातलं हे चर्च पॅरिसच्या सेंट शापेलच्या धर्तीवर बांधलेलं. ते मूळ चॅपल फ्रान्सच्या नवव्या लुई राजाचं, १२४८ सालचं. तिथे दगडी भिंत नावापुरती, बाकी सगळी काच. बाईंनी पॅरिस पाहिलं नव्हतं, पण काच कशी घडते ते त्यांना ठाऊक होतं. निळा, हिरवा, लाल हे रंग वरून फासलेले नसतात, वितळलेल्या काचेतच धातूंची संयुगं मिसळलेली असतात. नाकडोळ्यांच्या रेषा तेवढ्या नंतर रंगवून भट्टीत भाजतात. चौदाव्या शतकात चांदीच्या संयुगाने काच पिवळी करण्याची युक्ती युरोपात रुळली आणि एकाच पांढऱ्या तुकड्यावर चेहरा गोरा, केस सोनेरी असं करता येऊ लागलं. मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे झाळायचे. "शिसं कुठून जाणार ते आधी ठरव, मग चित्र काढ," बाई म्हणायच्या. जोड लपवायचा नाही, त्यालाच चित्राची रेषा करायची. पुढे मी पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागलो, तेव्हा अक्षरं आणि चित्र यांचा सांधा कुठे येणार, हे मी याच वाक्याच्या आधाराने ठरवत आलो.

बाईंच्या बायबलात एका सिस्टरने दिलेलं पोस्टकार्ड होतं. यॉर्क शहरातल्या नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चची खिडकी, पंधराव्या शतकाच्या आरंभीची. हे राजाचं चॅपल नव्हे. आसपासच्या व्यापाऱ्या-कारागिरांचं, वस्तीतलं चर्च. मुलगी शिकायला यॉर्कला गेली तेव्हा मी ती खिडकी प्रत्यक्ष पाहिली. तिच्यात वरखाली तीन-तीन चौकटी आहेत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि खोड्यात पाय अडकलेल्या कैद्यांची भेट. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात सांगितलेली ही सहा कामं सगळ्या चौकटींत एकच दाढीवाला गृहस्थ करतो आहे. त्यात चमत्कार नाही, देवदूतांची गर्दी नाही. एक माणूस दारात उभा राहून भाकरी वाटतो, खाटेवरच्या रोग्यापाशी जातो, एवढंच.

आजाऱ्याच्या चौकटीपाशी मी बराच वेळ थांबलो. बाई तेव्हा हयात नव्हत्या. त्या चौकटींतलं काय काय त्यांनी आमच्यासाठी केलं, याचा हिशेब तिथे आपोआप लागत गेला. अन्न, विचारपूस आणि आसरासुद्धा. कारण चर्चच्या आत मी परका होतो आणि त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं होतं. मात्र धर्माबद्दल त्या माझ्याशी कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या त्या शिशाबद्दल आणि उजेडाबद्दल.

तो दाढीवाला म्हणजे यॉर्कचा व्यापारी निकोलस ब्लॅकबर्न असावा, असं काही अभ्यासक मानतात. देणाऱ्याचं नाव शोधलं जातं. भाकरीसाठी हात पुढे करणारे कोण होते, हे कोणी विचारत नाही. बाईंना स्वतःचं नाव छापलेलं आवडलं नसतं, म्हणून ते इथे लिहीत नाही. घेणारा मी होतो, एवढी नोंद मात्र राहू द्यावी.