कान्हेरीची पोढी आणि महाडचा टँक

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता जंगलातला आहे. पावसाळा सरला की वस्तीतली मुले घेऊन आम्ही तिकडे जातो. तीन नंबरचा चैत्य सगळेच पाहतात. आमचा वेळ मात्र पाण्याच्या टाक्यांपाशी जास्त जातो. डोंगरावरचा पाऊस कातळात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरतो. तोंड लहान, आत काळोख आणि गारवा. ऊन लागत नाही म्हणून पाणी लवकर आटत नाही. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे.

इंग्रजी पुस्तकांत पोढीला ‘सिस्टर्न’ म्हणतात. यंदा नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, मग एवढ्या मोठ्या चवदार तळ्याला ‘टँक’ का म्हणतात?"

प्रश्न बिनतोड होता. ‘सिस्टर्न’च्या मुळाशी लॅटिनमधली पेटी आहे, म्हणजे बंदिस्त साठवण. संडासातल्या फ्लशच्या टाकीलाही इंग्रजीत हेच नाव! ‘टँक’ शब्द मात्र आपल्याकडच्या ‘टांकं’वरून इंग्रजीत गेला असे कोशकार मानतात, तळ्याला असलेल्या पोर्तुगीज ‘तांके’ या शब्दाचाही त्याला हातभार लागला. हिंदुस्थानातले इंग्रज मोठ्या तळ्यालाही टँक म्हणू लागले. लढाईचा रणगाडा 1916 साली गुपचूप बांधताना पाण्याची टाकी आहे अशी थाप मारली, म्हणून त्यालाही तेच नाव चिकटले.

आजच्या मुलांना टँक म्हटले की गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी दिसते. झाकणाची, कुणाच्या तरी मालकीची. इथेच घोटाळा होतो. महाडचे तळे उघडे होते, गावाचे होते. 1924 साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी आपल्या माणसांना त्याचे पाणी बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने ते पाणी प्यायले. मग सनातनी कोर्टात गेले, तळे खाजगी आहे म्हणाले. दहा वर्षे खटला चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. त्या निकालपत्रातही शब्द ‘टँक’च आहे. मुलांना तो वाचून दाखवताना आम्ही मराठीत ‘तळे’च म्हणतो, टाकी नाही.